मानकरबाईंची पाच मिनिटं

शांताचा फोन आला तेव्हा मी पालक निवडत बसले होते. "कुसुम, बाई गेल्या गो..." एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. शांता परब मुळात गप्प बसणारी बाई नव्हे. लालबागच्या चाळीत वाढलेली, घरात मालवणी, बाहेर मिळेल ती भाषा, आणि समोरच्याला बोलायला उसंत म्हणून द्यायची नाही. त्यामुळे तिचं ते गप्प होणंच मला आधी लागलं, बातमी मागाहून. मग तिनेच विचारलं, "मी कोळीण केली होती तेव्हा बाई काय म्हणाल्या, आठवतंय तुला?" मला आठवत होतं. पुढचा तासभर आम्ही दोघी सत्तरी उलटलेल्या बायका फोनवर एकमेकींचं बोलणं तोडत, ओरडत, हसत होतो. सून दोनदा दारात येऊन बघून गेली, की ही बातमी नक्की कसली आहे. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. तेव्हापासून रोज काहीतरी नवं आठवतंय आणि आठवलं की अजूनही अंगावर शहारा येतो. म्हणून लिहायला बसले आहे.

बाई म्हणजे सरोज मानकर. परळच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या. धावदोरा, हेम, काजं-बटणं. शाळेत शिवणाच्या बाईंना मान बेताचाच. त्यांचा तास शेवटचा, त्यांची खोली जिन्याखालची, आणि त्यांच्या विषयात कुणी नापास होत नसे. गिरगावातल्या जुन्या पाठारे प्रभू घराण्यातल्या होत्या त्या, गोऱ्या, उंच, नऊवारी सोडून नुकत्या पाचवारीत आलेल्या, बोलणं एकदम स्वच्छ. मी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली. माझे वडील गिरणीत रिंग खात्यात, सूत कातायच्या यंत्रांवर. साच्यावर, म्हणजे मागावर, त्यांना कुणी उभं करून घेतलं नसतं, कारण विणकराला तुटलेला दोरा तोंडाने ओढावा लागे आणि आमच्या तोंडचा दोरा बाकीच्यांना चालत नसे. हे मी तेव्हा कुणालाच सांगत नसे. वर्गात मी 'ण'ला 'न' म्हणायची आणि मुली हसायच्या, एवढीच माझी ओळख.

आठवीत होते. शिवणाचा तास चालू होता आणि मी हेम घालता घालता शेजारच्या मुलींना आमच्या मजल्यावरच्या नळाचं भांडण सांगत होते. नुसतं सांगत नव्हते, करत होते. एक बाई कळशी आपटते, दुसरी तिच्या सात पिढ्या काढते, तिसरी मध्येच आपली बादली भरून घेते. मुली तोंडात पदर, ओढण्या कोंबून हसत होत्या. अचानक सगळ्यांचं हसणं थांबलं. मागे बाई उभ्या होत्या. मी घाबरून उभी राहिले, सुई बोटात घुसली. बाई म्हणाल्या, "थांबलीस का? पुढे काय झालं?" मला वाटलं, टोमणा आहे. पण त्या खरंच विचारत होत्या. मी चाचरत पुढचं केलं. बाईंनी शेवटपर्यंत पाहिलं, हसल्या मात्र नाहीत. मग म्हणाल्या, "आता ती कळशी आपटणारी परत कर. पण या वेळेला तिच्या बाजूने. तिच्या घरात पाणी का नाही, ते मला दिसू दे." मी पुन्हा केलं. मध्येच मला कळलं की ती बाई बाळंतिणीसाठी पाणी न्यायला आली होती. हे मला माहीत होतं, रोज डोळ्यांपुढे होतं, पण मी कधी पाहिलंच नव्हतं. वर्गात कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "उद्या शाळा सुटल्यावर थांब."

त्या काळी शाळांमध्ये वक्तृत्व स्पर्धांचं मोठं वेड होतं. आमच्याकडे ते काम संस्कृतच्या सरांकडे. ते स्वतः भाषण लिहून देत, मुली घोकून पाठ करत, आणि उजवा हात कोणत्या वाक्याला वर न्यायचा, हेही वहीत लाल शाईने लिहिलेलं असे. त्या वर्षी गिरगावातल्या एका संस्थेने आपल्या आंतरशालेय स्पर्धेत नवा विभाग काढला: व्यासपीठावर जाऊन चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीवर एक माणूस लिहिलेला असेल, दोन मिनिटं विचार करायचा आणि पाच मिनिटं तो माणूस होऊन बोलायचं. पाठांतर नाही, वेशभूषा नाही, काही नाही. सरांनी त्या विभागाचं पत्रक वाचून बाजूला सारलं. "हा पोरखेळ आहे," म्हणाले. शिक्षकांच्या खोलीत बाईंनी हात वर केला, "मग हा पोरखेळ मला द्या." मुख्याध्यापिकाबाईंनी दिला, कारण शिवणाच्या बाईंनी काही मागितल्याचं त्यांना तोपर्यंत आठवत नव्हतं.

आम्ही दोघीच होतो, मी आणि शांता. शाळा सुटली की जिन्याखालच्या खोलीत दार लोटून घ्यायचं आणि सुरू! बाई रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकून आणायच्या. ट्रामचा कंडक्टर. छत्री हरवलेले आजोबा. वर्गाबाहेर उभी केलेली मुलगी. मंगळसूत्र गहाण टाकायला निघालेली बाई. दोन मिनिटं झाली की बोटातलं शिवणाचं अंगुस्तान टेबलावर वाजवायच्या, टक टक, आणि आम्ही उठायचं. काय दिवस होते ते! चिठ्ठी उघडण्याआधी आपण कोण असणार आहोत हेच माहीत नाही, आणि उघडली की आपण आपण राहायचं नाही... शांता पहिल्या दिवशीच कोळीण झाली. हात नाचवत, गिऱ्हाइकाला शिव्या देत तिने असा काही धुमाकूळ घातला की मी जमिनीवर बसले हसून हसून. बाईंनी विचारलं, "शांता, हिचे पाय दुखतात का?" शांता गोंधळली. "पहाटेपासून टोपली डोक्यावर घेऊन चालली आहे, पाय दुखत असतील ना? तू तर नाचते आहेस." दुसऱ्या दिवशी शांताने तीच कोळीण केली. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत, भाव करत. शिवी एकही नाही. आम्हाला दोघींनाही मासळीचा वास आला, शपथेवर सांगते.

"आधी हात काय करतायत ते ठरव. जीभ मागून येते," हे बाईंचं एक सांगणं. दुसरं सांगणं, "गप्प राहायला घाबरू नका. माणसं बोलण्यापेक्षा गप्पच जास्त असतात." आणि तिसरं, जे मला सगळ्यांत अवघड गेलं: "ज्याचा राग येतो तो आधी करा." शनिवारी अर्धी शाळा असे. मग त्या आम्हाला लालबागच्या बाजारात नेत आणि तासभर नुसतं बघायला लावत. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. गिरणगावात भिंत म्हणून कोरी नव्हती. सभा, प्रभातफेऱ्या, गिरणी सुटली की फाटकावर घोषणा. एका सभेला बाई आम्हाला घेऊन गेल्या. मला भाषण ऐकायचं होतं, वक्ता अशी आग ओकत होता की लोक जागच्या जागी उसळत होते. बाईंनी माझी मान धरून उलट्या बाजूला वळवली. "त्याला सगळे ऐकतायत. तू ऐकणाऱ्यांकडे बघ." मी पाहिलं. हजारो चेहरे! एक म्हातारा कामगार घोषणेच्या आधीच ओठ हलवत होता. एका बाईने मूठ वर केली ती खाली घ्यायलाच विसरली होती. माझ्या अंगात वीज गेल्यासारखं झालं. मीही ओरडले, घसा बसेपर्यंत. बाई ओरडल्या नाहीत. त्यांचे यजमान सरकारी कचेरीत होते. पण त्यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं, आणि ते वाऱ्याचं नव्हतं.

मग जानेवारीत गोळीबार झाला. संचारबंदी, रस्त्यावर फुटक्या सोडावॉटरच्या बाटल्या, चाळीच्या जिन्यांत दबा धरून बसलेली माणसं. आमच्या शेजारच्या खोलीत भागाआत्या राहायची, गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला. नवरा कधीच गेलेला. तिचा एकुलता एक मुलगा बाळ्या, मी त्याला बाळ्यादादा म्हणायची, नुकता माझ्या वडिलांच्या हाताखाली गिरणीत लागला होता. एकोणीस वर्षांचा. दुपारी खाली काय चाललंय ते बघायला गेला आणि गोळी लागून गेला. भागाआत्या रडली नाही. ती दाराशी बसून राहिली आणि कुणी जवळ गेलं की "आत येऊ नगा, तो जेवतोय," म्हणायची... यापुढे मला लिहिता येत नाही.

शाळा बंद झाली. संचारबंदी उठल्यावर मी शिवणाच्या खोलीत राहिलेली माझी सुईदोऱ्याची पेटी आणायला गेले, तर शाळेत राखीव पोलिसांचा मुक्काम. पटांगणात वाळत घातलेल्या खाकी विजारी, आणि आमच्या जिन्याखालच्या खोलीत, आमच्या बाकावर, एक मध्यमवयीन हवालदार गंजीफ्रॉकवर बसलेला. मांडीवर खाकी सदरा, तुटलेलं बटण तोंडात धरलेलं. मला पाहून बटण हातात घेत म्हणाला, "पोरी, तुझ्याकडं सुई हाय का? काळा दोरा नगं, खाकीवर उठून दिसंल. पांढराबी नगं." मी तोवर कोपऱ्यातली पेटी उचलली होती. पेटीत सुई होती, खाकी दोराही होता. मी त्याच्याकडे पाहिलं, बाळ्यादादा आठवला, आणि पेटी छातीशी धरून पळत सुटले.

हे मी बाईंना सांगितलं तेव्हा वाटलं, त्या शाबास म्हणतील. त्यांनी नुसतं विचारलं, "बटण कोणत्या हातात होतं?"

शाळा बंद, स्पर्धा पुढे ढकललेली, पण बाई सराव थांबवायला तयार नव्हत्या. रविवारी आम्हाला गिरगावच्या घरी बोलावलं. मोठं, जुनं घर, शिसवी कपाटं, भिंतीवर पगडीवाल्या पूर्वजांच्या तसबिरी. बाईंच्या सासूबाई आतल्या दारात खुर्ची टाकून बसायच्या. पहिल्या रविवारी चहा आला. शांताला चिनीमातीच्या कपात आला, मला पितळी भांड्यात, आणि ते भांडं नंतर मीच विसळून खिडकीत पालथं घालायचं होतं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे तशी पद्धत आहे." शांता लाल झाली. मी काहीच झाले नाही, मला सवय होती. बाईंचा चेहरा मात्र पांढराफटक. त्यांनी आपला कप खाली ठेवला, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "कुसुम, आज चिठ्ठी नाही. आज तू आमच्या आई हो."

सासूबाईंसमोर! मला वाटलं जमीन दुभंगली तर बरं. शांताने माझा दंड घट्ट धरला होता. पण टेबलावर टक टक वाजलंच आणि मी उठले. पाच मिनिटं मी त्या घरची सासू झाले. आधी हात. भांडं पुढे करताना त्यांची बोटं किंचित थरथरली होती, ते मी पाहिलेलं होतं, म्हणून तेच केलं. मग जीभ आली. मी तसबिरींकडे बघत म्हटलं की मी नवी सून होऊन आले तेव्हा माझ्याही सासूने मला दोन वर्षं देवघराची पायरी चढू दिली नाही; आता या मुलीला कप दिला तर वर बसलेली ती मला काय म्हणेल... हे सगळं मी मनचं बोलत होते. मी थांबले. मग सासूबाई खुर्चीतून उठल्या, हळूहळू माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. त्या म्हणाल्या, "दोन नाही, तीन वर्षं. आणि पदर चुकलाय तुझा. आमच्यात असा नाही घेत." मी परकराच्या ओढणीचाच पदर केला होता. त्यांनी तो माझ्या खांद्यावरून काढला, निऱ्या करून पुन्हा नीट लावला, हनुवटी धरून चेहरा वर केला आणि बघितलं, बसला का. मग जाऊन खुर्चीत बसल्या. बाई एकदम उठून स्वयंपाकघरात गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. पुढच्या रविवारी तिन्ही कप सारखे होते.

स्पर्धा शेवटी मार्च उजाडल्यावर झाली. गिरगावातलं सभागृह खचाखच भरलेलं, गॅलरीतही माणसं उभी. वडील पहिल्या पाळीवरून आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले होते, अगदी मागच्या रांगेत. शांताला 'पोस्टमन' आला आणि तिने बहार उडवली. माझं नाव पुकारलं. मी डब्यात हात घातला, चिठ्ठी उघडली. 'पोलीस'.

दोन मिनिटं मी पडद्यामागच्या खोलीत उभी होते आणि डोक्यात फक्त एकच होतं, पळ. चिठ्ठी बदलून मागता येत नव्हती. बाळ्यादादाला जाऊन दोन महिने व्हायचे होते. घंटा झाली. परीक्षकांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि सभागृहातून एकच 'हूऽऽ' उठली, कुणीतरी 'धिक्कार!' ओरडलं. मी रंगमंचावर आले. समोर तिसऱ्या रांगेत बाई. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि त्यांच्याकडे बघत बसल्या होत्या.

मी खाली मांडी घातली. नसलेला सदरा मांडीवर पसरला. नसलेलं बटण दातांत धरलं. आणि सुईत दोरा ओवायला लागले. जात नव्हता. एकदा, दोनदा, तीनदा. हूऽऽ कमी झाली, थांबली. मी किती वेळ गप्प होते कुणास ठाऊक, शांता म्हणते पुरं एक मिनिट. मग मी बटण हातात घेतलं आणि गावाकडच्या बोलीत सुईशी बोलायला लागले. "उद्या लालबागला ड्युटी हाय. बटाण तुटल्यालं चालत न्हाय सायबाला. आमचा धाकला भाऊ तिथंच साच्यावर हाय. त्यो मोर्च्यात आसंल. त्यानं मला वळखलं म्हंजी?... न्हाय वळखलं म्हंजी?" मी उठून सदरा चढवला, रांगेत उभी राहिले. समोरून मोर्चा येतोय असं बघत राहिले. घोषणा ऐकू येतायत, माझे ओठ आपोआप हलायला लागले, आवाज न करता. तेवढ्यात गॅलरीतून खरोखरचा आवाज आला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!" आणि सगळं सभागृह उठून गरजलं, "झालाच पाहिजे!" भिंती हलल्या हो! मी त्या गर्जनेसमोर एकटी, खाकीत. माझा हात वर जायला लागला, मूठ वळलेली, खांद्यापर्यंत गेला... आणि हवालदाराने तो खाली आणला. बटण चाचपलं. सावधान उभा राहिला. घंटा झाली.

मग जे काही झालं त्याला टाळ्या म्हणत नाहीत. माणसं बाकांवर उभी होती. पहिल्या रांगेतले एक मोठे पाहुणे मात्र उठून तरातरा निघून गेले. परीक्षकांची कुजबुज झाली आणि निकालात माझं नाव नव्हतं. सादरीकरण राजकीय झालं आणि सभागृहाची शिस्त मोडली म्हणून बाद. बाई व्यासपीठावर चढल्या. शिवणाच्या आमच्या बाई, ज्यांनी शाळेत कधी आवाज चढवला नव्हता. "चिठ्ठी तुमची. तिने तुमचाच माणूस केला. एक घोषणा तिच्या तोंडून गेली नाही. प्रेक्षकांनी गप्प बसावं असा नियम कोणत्या पानावर आहे, मला दाखवा." कुणी दाखवला नाही, पण निकालही बदलला नाही. शांताला दुसरा क्रमांक मिळाला. तिने चांदीचा पेला माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "धर मेले, रडू नको." मी रडत नव्हते. मी इतकी आनंदात होते की मला बक्षिसाचं सुचतच नव्हतं. ट्राममध्ये वडील माझ्याशेजारी बसले होते. म्हणाले, "बरं केलंस का वाईट, मला कळत न्हाय. पर मला त्यो दिसला."

चाळीत मात्र भागाआत्यापर्यंत गोष्ट पोचली होती. दुसऱ्या दिवशी नळावर मला पाहून तिने आपली बादली उचलून लांब नेली. "पोलिसाच्या तोंडानं बोलली ती जीभ माझ्या दारात नगं." तेवढंच. माझा सगळा आनंद तिथेच त्या नळाखाली वाहून गेला. आठवडाभर मी जेवले की नाही आठवत नाही. शांताने बाईंना सांगितलं असणार, कारण रविवारी सकाळी बाई आमच्या चाळीत हजर. गिरगावची प्रभू बाई बीडीडीच्या जिन्यावर, सगळा मजला दारात येऊन बघत होता. त्या थेट भागाआत्याच्या खोलीत गेल्या, जमिनीवर बसल्या. मी दाराआड.

"चिठ्ठी तिने निवडली नव्हती," बाई म्हणाल्या. "पण त्याच्या बाजूने उभं राहायला मी शिकवलं. राग माझ्यावर काढा."

भागाआत्या म्हणाली, "त्याच्या बाजूनं तुमी उभ्या ऱ्हायल्या. माझ्या बाळ्याच्या बाजूनं कोन?"

बाई जरा पुढे सरकल्या. मग हळूच विचारलं, "बाळ्या कामावरून घरी यायचा तेव्हा आधी काय करायचा?"

भागाआत्या बघत राहिली. दोन महिन्यांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे तो कसा गेला तेवढंच विचारत. ती उठली. "असा यायचा," म्हणाली, आणि दारातून आत आली. खांदा चौकटीला घासत, टोपी न बघता खुंटीकडे भिरकावत, मडक्याकडे जात. आणि त्या एवढ्याशा खोलीत बाळ्यादादा चालून गेला! मी पाहिला. माझ्या आईने पाहिला, तिने तोंडावर हात घेतला. भागाआत्या तशीच मडक्यापाशी उभी राहिली, आणि मग, गोळीबारानंतर पहिल्यांदा, मोकळी होऊन रडली. रडता रडता मला हाक मारली, "ये गं, आत ये." मी तिला सुईची गोष्ट सांगितली, की त्याने मागितली आणि मी दिली नाही. ती डोळे पुसत म्हणाली, "बरं केलंस." थोड्या वेळाने म्हणाली, "काय की..."

त्यानंतर महिन्याभरात चाळींमधल्या मैदानात गिरणीतल्या बायकांची सभा झाली. बोलणाऱ्या दोघीतिघी बाहेरून आलेल्या, शिकलेल्या. त्यांचं झाल्यावर भागाआत्या उठली. कुणी तिचं नाव पुकारलं नव्हतं. ती मंचावर गेली, ध्वनिक्षेपकापासून हातभर लांब उभी राहिली आणि तिने सांगितलं, की माझा मुलगा घरी असा यायचा. आणि तिने तो करून दाखवला. घोषणा एकही दिली नाही. मैदानात दोन-तीन हजार बायका, तान्ह्या पोराचंही रडणं ऐकू येईना. मी मागे वळून पाहिलं तर बाई मैदानाच्या कडेला उभ्या, शांताचा हात घट्ट धरून, आणि चेहरा असा फुललेला की मी स्पर्धेत होते तेव्हासुद्धा तसा नव्हता. "बघ, बघ," त्या पुटपुटत होत्या, "बघ, गप्प कशी राहते ती!"

बाईंना शाळेच्या समितीने मेमो दिला आणि स्पर्धांचं काम परत संस्कृतच्या सरांकडे गेलं. बाई काजं-बटणांकडे परत गेल्या. पण गिरगावचे रविवार थांबले नाहीत, पुढे कित्येक वर्षं थांबले नाहीत. परळच्या, माझगावच्या, दादरच्या मुली यायच्या. सासूबाई असेपर्यंत चिठ्ठ्या त्याच लिहायच्या आणि अवघड लिहायच्या. आमच्या घराने त्या वर्षाच्या शेवटी धम्म स्वीकारला तेव्हा बाईंनी विचारलं, "आता कसं वाटतं? करून दाखव," आणि मी नुसती ताठ उभी राहिले, तेवढंच. चार वर्षांनी महाराष्ट्र राज्य झालं त्या सकाळी त्या चाळीत आल्या, पेढे घेऊन. भागाआत्याने पेढा घेतला आणि म्हणाली, "झालं. आता बाळ्याला कोन सांगनार?" बाई तिच्या शेजारी बसून राहिल्या. मी पुढे वकील झाले. कामगार न्यायालयात तीस वर्षं उभी राहिले, आणि उलटतपासणीत समोरच्या साक्षीदाराच्या बाजूने आधी विचार करायचा, ही माझी खोड सगळ्यांना ठाऊक होती. ती कुठून आली हे कुणी विचारलं नाही, म्हणून आज सांगते आहे.

गेल्या आठवड्यात शांता आणि मी गिरगावला गेलो. शेवटच्या आजारात मी आठ महिने बाईंकडे फिरकले नव्हते, शांताही नाही. गुडघ्यांचं निमित्त, खरं कारण आळस. बाईंची भाची होती, आणि त्यांना सांभाळायला ठेवलेली रंजना, शीव कोळीवाड्याची, तिशीतली चटपटीत बाई. खोली आवरलेली, पलंगावर धुतलेली चादर. आम्ही टेकलो. शांताने विचारलं, "शेवटी शेवटी कशा होत्या गं?"

रंजना म्हणाली, "कशा म्हंजे... सांगून नाय कळणार तुम्हाला. थांबा हां." ती गेली आणि पलंगाच्या कडेला बसली. पाठ सरळ झाली. एक हात चष्मा शोधत उशीवरून फिरला, सापडल्यावर तो न लावता मांडीवर ठेवला. मान किंचित डावीकडे कलली. भाची हसून म्हणाली, "मावशीने हिला दीड वर्ष रोज दुपारी हेच शिकवलंय, मला झोपू देत नसत दोघी." मला ते धड ऐकू आलं नाही. रंजनाने आमच्याकडे पाहिलं, बराच वेळ काही बोलली नाही. मग, तो स्वच्छ गिरगावी आवाज, ती जरा वर गेलेली भुवई,

"इतके दिवस कुठे होतात गं दोघी?"

आम्ही दोघी ताडकन उठून उभ्या राहिलो.